कडू न म्हणायचा दिवस

सन दोन हजार तेवीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. पोळा होऊन गेला होता, गणपती बसायचे होते, आणि त्या मधल्या रविवारी माझ्या घरात एक शब्द बोलायला बंदी होती. बंदी मीच घातली होती. शब्द होता कडू.

नातीला पाहायला देऊळगाव राजाकडून पाहुणे येणार होते. आमच्या घराण्याची रीत अशी की मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांनी आपला उंबरा ओलांडला, की ते परत आपल्या घरी जाऊन दिवा लावत नाहीत तोवर आपल्या घरातल्या कोणी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ही रीत माझ्या आत्याच्या वेळेपासून पडली. तिला पाहायला आलेल्या लोकांना चिवडा दिला होता. त्यातला एक शेंगदाणा खवट निघाला. तो नेमका माझ्या धाकट्या काकाच्या तोंडात गेला. काका तेव्हा लहान होता, पाहुण्यांच्या मधात बसला होता. तो म्हणाला, "कडू." एवढंच म्हणाला. पाहुण्यांमधला एक म्हातारा उठला, त्याच्यामागून बाकीचे उठले, आणि सोयरीक मोडली. तो मुलगा पुढे दारूत वाया गेला असं ऐकलं, म्हणजे मोडली ते बरंच झालं. पण रीत पडली ती पडली. शेवट चांगला झाला म्हणून रीत सोडता येत नाही.

मी चौथी शिकलो. लिहिताना मला, तुला लिहितो, कारण मास्तरांनी छडीनं तसं बसवलं. बोलताना मले, तुले हेच येते. तरी एक सांगतो, हा शब्द दिवसभर टाळणं शिकलेल्यालाही जमणार नाही. गोडाशिवाय माणूस बोलू शकतो. आमच्या घरात तर गोड शब्द महिना महिना निघत नाही आणि कोणाचं अडत नाही. कडूचं तसं नाही.

ताप आला की तोंड कडू. पाडव्याला पाला खायचा तो कडूनिंबाचा, म्हणजे झाडाच्या नावातच तो बसलेला. काकडीचा देठ कापून तिलाच घासला की पांढरा फेस येतो, तो फेस म्हणजे तिचं कडू. औषध कडूच पाहिजे. दवाखान्यातून पोरांसाठी गुलाबी औषधाची बाटली आणली तर आमची म्हातारी आधी बोट बुडवून चाखते, आणि गोड लागलं तर म्हणते की डॉक्टरनं फसवलं.

मयताच्या घरी कडू घास नेतात. त्यात कडू काही नसतं. भाकरी असते, पिठलं असतं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याची चूल त्या दिवशी पेटत नाही, म्हणून भाऊबंद ताट झाकून घेऊन जातात आणि त्याला बळंच खाऊ घालतात. मी पुष्कळांच्या घरी नेला आहे, आणि माझा भाऊ गेला तेव्हा पुष्कळांचा खाल्ला आहे. पिठल्यात मीठ बरोबर असतं, मिरची बरोबर असते. तरी नाव कडू, आणि नाव बरोबर आहे.

मग शिवी. कडू बेणं. ही शिवी ज्याला दिली त्याच्यावर थांबत नाही, त्याच्या बापाला लागते, आजाला लागते. बेणं म्हणजे बी. बी कुठून आलं हे लोक विचारतातच.

गावात मला मागून कडू म्हातारा म्हणतात. समोर कोणी म्हणत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. तिखट माणूस घडीभरात उतरतो आणि मग पाया पडत येतो. कडू माणूस सकाळी जसा तसाच संध्याकाळी असतो. त्याच्याशी व्यवहार करायला सोपं जातं.

तर असा शब्द मी त्या रविवारी बंद केला. सकाळीच सगळ्यांना चुलीपाशी बोलावून सांगितलं.

म्हातारी म्हणाली, "अन मंग दारातल्या निंबाले काय म्हनाचं?"

"झाड म्हनाचं."

"कारल्याची भाजी केली तर?"

"करूच नका."

नात बुलढाण्याला एका दवाखान्यात नर्स आहे. ती सुट्टी घेऊन आली होती. केस पुसत पुसत म्हणाली, "आबा, एका शब्दानं लग्न मोडते काय?"

"एका शेंगदान्यानं मोडलं होतं," मी म्हणालो.

या पोरीला हा मुलगा पाहिजे होता. मला तिनं सांगितलं नव्हतं, म्हातारीला सांगितलं होतं, म्हणजे मला कळलंच. आधी दोन ठिकाणचे मुलगे तिनं नाही म्हटले होते. हा तिच्याशी फोनवर बोलला होता. याच्यात काय पाहिलं असं म्हातारीनं विचारलं तर म्हणाली, "माह्यं बोलनं होईलोक हा थांबते." दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं असं आमच्या घरात कोणी करत नाही, तेव्हा तिला ते नवल वाटणारच. मुलगा राजी होता, त्याचे आईबापही राजी होते. पण मध्यस्थानं सांगून ठेवलं होतं की त्या घरात शेवटचा शब्द मुलाच्या आजाचा. आजा मान हलवेल तेव्हा खरं. आणि तो आजा अडेल आहे, कोणाचं ऐकत नाही. मध्यस्थ हे सांगताना माझ्याकडे का पाहत होता ते मला समजलं नाही.

माझ्या रक्तात साखर निघाल्यापासून सून मला सकाळी उपाशीपोटी काडेचिराइताचा काढा देते. तो प्याला की पुढचे दोन तास पाणीही तसंच लागतं. त्या दिवशीही तिनं पेला पुढे केला.

"मामाजी, घ्या."

"आज नसता देला तं?"

"रोजचं रोज हाय ते," ती म्हणाली. प्यालो.

मग शेतात गेलो. पाहुण्यांना वाळूक द्यायचं माझ्या मनात होतं. वाळूक हे काकडीच्याच घरातलं, पण पिकलं की पिवळं पडतं, उकलतं, आणि वास सुटतो. माझ्या कपाशीत मी दरवर्षी त्याचे वेल सोडतो. बी माझ्या बापाचं. चांगलं वाळूक पाहून त्याचं बी मी राखेत घोळून ठेवतो, ते पुढच्या वर्षी लावतो, असं बापापासून चालत आलं आहे. धामणगाव बढ्याच्या बाजारात लोक वाळूक घ्यायच्या आधी चाखून मागतात. माझ्याजवळ मागत नाहीत. एकानं एकदा मागितलं होतं, त्याला मी वाळूक दिलंच नाही.

पण मी स्वतः चाखतो. वाळूक वेलावरून तोडलं की देठाकडची चकती कापायची आणि जिभेवर ठेवायची. त्यात काही खोट असली तर ती देठाकडे आधी कळते. त्या दिवशी मी एका वेलाचं चाखलं. काढ्यासारखं लागलं. दुसऱ्या वेलाचं चाखलं. तेही काढ्यासारखं. विहिरीजवळ तिसरा वेल होता, त्याचं चाखलं. तेही तसंच. आता तिन्ही वेलांची वाळकं एकसारखी कडू असू शकत नाहीत, त्यातून माझी. म्हणजे कडू तोंड होतं, वाळूक नव्हतं. हा विचार सरळ होता. आजही मला त्यात चूक दिसत नाही. विहिरीजवळच्या वेलाचं सगळ्यात मोठं होतं, पिवळं धमक. तेच घेतलं.

पाहुणे दुपारच्या आधी आले. गाडी निंबाखाली लावली. मुलगा उतरला, वर पाहिलं, म्हणाला, "छान सावली आहे. कशाचं झाड आहे हे?"

माझा मुलगा माझ्याकडे पाहू लागला. सून पदर सावरत आत गेली. शेवटी म्हातारी म्हणाली, "जुनं हाय."

मुलानं मान डोलावली. समजूतदार वाटला.

मुलाचा आजा सगळ्यात शेवटी उतरला. माझ्याच वयाचा, वाळलेला, पांढरी टोपी, कोणाचा हात न धरता उतरला. ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. तो भिंतीला टेकून खाली सतरंजीवर बसला, तेव्हा मलाही खाली बसावं लागलं. चहा आला, पोहे आले. बाकीच्यांनी घेतले. त्यानं हात आडवा केला.

"चहा नको मला. शेतातलं काही असंल तर द्या."

"वाळूक हाय," मी म्हणालो.

"वाळूक? मग कामून लपवून ठेवलं? आणा की."

तिकडचं बोलणं थोडं वेगळं आहे. का म्हणायला आम्ही काऊन म्हणतो, ते कामून म्हणतात. पण वाळूक मागणारा माणूस मला आवडला.

वाळूक मी दुसऱ्याला कापू देत नाही. आत जाऊन स्वतः कापलं, लांब लांब फोडी केल्या, बी तसंच ठेवलं, वरून तिखटमीठ भुरभुरलं आणि ओसरीवर येऊन बसलो. नातीनं दोन ताटल्या आणून एक त्याच्यापुढे ठेवली, एक माझ्यापुढे. तिसरी मुलासाठी आणायला ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातातल्या ताटलीत वाळूक नव्हतं, केळं होतं. बाजारातलं केळं. ती तिनं मुलापुढे ठेवली. घरात शेतातलं वाळूक असताना पाहुण्याला विकतचं केळं देणं ही काय पद्धत झाली, असं माझ्या मनात आलं, पण मी चारचौघांत बोललो नाही.

ती माझ्याजवळ वाकली. हळूच म्हणाली, "आबा, जरासे आत या."

"काऊन?"

"ते वाळूक."

"काय वाळूक?"

तिनं पाहुण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तसं हाय."

"तसं म्हंजे कसं?"

"तसंच."

"माह्यं वाळूक तसं नसते," मी म्हणालो. "जाय."

ती गेली. मुलाच्या आजानं फोड उचलली आणि चावली. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. नवीन माणूस माझं वाळूक खातो तेव्हा मी पाहतोच. तो चावायचा थांबला. मग परत चावू लागला, सावकाश, जसा बैल ओला कडबा चघळतो तसा. कानाजवळची एक शीर त्याची वर आली. गिळलं.

"कसं लागलं?"

"असं वाळूक मी जन्मात खाल्लं नाही," तो म्हणाला.

मला बरं वाटलं. मी माझ्या ताटलीतल्या दोन फोडी उचलून त्याच्या ताटलीत ठेवल्या. त्यानं ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी माझी फोड खाल्ली. काढ्यासारखी लागली. म्हटलं, तोंड अजून तसंच आहे. मग मी चहा घेतला, माझा बिनसाखरेचा असतो तो. त्यानंतर पोह्याचा घास घेतला. पोहे पोह्यासारखे लागले. मीठ बरोबर, लिंबू बरोबर. म्हणजे तोंडातला काढा उतरला होता. मग मी दुसरी फोड घेतली.

तेव्हा मला कळलं.

आता काय करणार. तो समोर बसून खात होता आणि माझ्याकडे पाहत होता. मी फोड खाली ठेवली असती तर त्याला कळलं असतं की मला कळलं. आणि मला कळलं तर बोलावं लागलं असतं, आणि बोलायचा शब्द बंद होता. मी खाल्ली. त्यानं आणखी एक खाल्ली. मी आणखी एक घेतली. मधल्या वेळात पोरीला शिक्षण विचारून झालं, पगार विचारून झाला, स्वयंपाक येतो का विचारून झालं. ती उत्तरं देत होती आणि तिचं लक्ष आमच्या ताटल्यांवर होतं. मुलगा निवांत केळं खात होता.

त्याची ताटली रिकामी झाली. मग माझी झाली. ताटलीत त्यानं बी बाजूला सारून ठेवलं होतं. ते त्यानं बोटांनी गोळा केलं, खिशातून रुमाल काढला, रुमालात ठेवून गाठ मारली आणि रुमाल कोपरीच्या खिशात घातला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "लावीन म्हणतो."

माझ्या ताटलीत उरलेलं बी मी मुठीत घेतलं.

निघताना त्यानं हात जोडले. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. "कळवतो," म्हणाला. आमच्या भागात कळवतो म्हणजे बहुतेक नाहीच. गाडी निंबाखालून निघाली आणि गेली.

म्हातारी दारातच म्हणाली, "झालं. खाऊ घातलं न."

"काय खाऊ घातलं?"

"दिवा लागू द्या त्याह्यच्या घरी, मंग सांगतो काय ते."

नात ओसरीवरच्या ताटल्या उचलत होती. मी तिला म्हटलं, "तुले मालूम होतं तं ताट काऊन नाई उचललं?"

"तुमच्या हातातलं ताट कोन उचलन आबा," ती म्हणाली आणि ताटल्या घेऊन आत गेली. आवाज साधा होता, पण ताटल्या तिनं जोरात ठेवल्या.

दुपारभर मी निंबाखाली खाटेवर पडून होतो. सोयरीक मोडली तर मोडली, पोरीला दुसरा मुलगा मिळाला असता, जरी तिला हाच पाहिजे होता. पण समजा नाही मोडली. मग काय? पोरगी त्या घरात जाईल. पुढच्या पावसाळ्यात तो म्हातारा ते बी लावील, कारण तो लावीन म्हणाला आहे आणि तो माणूस बोललेलं करणारा दिसतो. त्याच्या मळ्यात वाळकं येतील. पहिलं वाळूक घरात सगळे खातील. आणि मग ते पोरीकडे पाहतील, कारण हे बी तिच्या माहेरचं. दरवर्षी पाहतील. माझ्या बापाचं बी, आणि ते असं निघालं असं तिथे बोललं जाईल, आणि बीच्या नावानं बोलणं कुठवर जातं ते मी वर सांगितलं आहे. ते बी परत कसं मागायचं? मागायला कारण सांगावं लागतं.

सून मधात एकदा येऊन म्हणाली, "मामाजी, जेवता काय?"

"नाई."

"पोट दुखून राह्यलं काय?"

"नाई."

ती ओवा ठेवून गेली.

दिवेलागणीला माझा फोन वाजला. माझा साधा बटनाचा फोन आहे, त्याचा आवाज सगळ्या घरात जातो. म्हातारी चुलीपासून उठून दारात आली. सून तिच्या मागे. नात आली नाही, पण आतलं भांड्यांचं वाजणं बंद झालं.

"पोचलो," तो म्हणाला.

"बरं झालं."

"दिवा लागला आमच्याकडं."

मला कळलं की दिव्याचं मध्यस्थानं त्याच्या कानावर घातलं होतं. "आमच्याकडंबी लागला," मी म्हणालो.

पलीकडे कोणीतरी कुत्र्याला हाकलत होतं.

"वाळूक कडू होतं," तो म्हणाला.

दिवसभरात तो शब्द पहिल्यांदा कानावर आला. बरं वाटलं.

"होतं," मी म्हणालो.

"तुमच्या ताटातलंबी?"

"एकाच वाळकाचं होतं."

"मग तुम्ही कामून खाल्लं?"

"तुमी खाऊन राह्यले होते."

"मी पाहुणा माणूस. पोरगी पाहायला गेल्यावर ताटात पडलेल्याला आम्ही नाव ठेवत नाही. टाकतबी नाही. अन तुम्ही तर वरून दोन वाढल्या."

"तुमीच म्हनले, असं वाळूक जन्मात खाल्लं नाई."

"खोटं थोडंच होतं."

मग विचारलं, "मंग बी काऊन बांधलं?"

"तुम्ही डोळे लावून बसले होते. नुसतं चांगलं म्हणलं असतं तर तुम्हाला पटलं नसतं."

"ते लावू नका. मी दुसरं आनून देतो."

"आणा. पण हेबी लावणार. हातानं घेतलेलं बी मी टाकत नसतो."

"कडू येईन."

"येऊ द्या. बांधावर लावीन. मक्यात रानडुकरं येतात. एकदा खातील."

मी म्हणालो की माझ्या बापाचं बी डुकरांसाठी नाही. तो म्हणाला मग कोणासाठी आहे, माणसाला तर खाता येईना. यावर आमचं थोडं बोलणं झालं. ते इथे लिहीत नाही. म्हातारी दारातून हातानं खुणा करत होती की पोरीचं विचारा, पोरीचं.

मला विचारावं लागलं नाही. तोच म्हणाला, "एक सांगा. तुमच्या नातीनं आमच्या पोराला केळं कामून दिलं?"

"मालूम नाई. मीबी तेच म्हनत होतो. घरात वाळूक असून."

"तिनं आत चाखलं होतं."

"असन."

"म्हणजे तिला कळलं होतं. तोंडानं बोलता येत नव्हतं. तुम्हाला सांगून पाहिलं, तुम्ही ऐकलं नाही, ते मला बसल्या जागी ऐकू आलं. मग तिनं आमच्या पोराचं तेवढं वाचवलं, अन आपल्या दोघांना खाऊ दिलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गाडीत पोरगं कुरकुर करू लागलं, म्हणे मला वाळूक दिलंच नाही. मी म्हणलं, तुला काय दिलं ते तुला पुढं कळंल." तो खोकला. मग म्हणाला, "ओवा घ्या जरा. मीबी घेतला. ठेवतो मग, व्याही."

आणि त्यानं ठेवला.

मी फोन खिशात घातला. म्हातारी म्हणाली, "काय म्हनले?"

"माह्यं बी डुकराले घालतो म्हने."

"ते नाई हो. दुसरं."

"ओवा घ्या म्हने."

"अहो, पोरीचं काय म्हनले?"

"व्याही म्हनला मले."

म्हातारी तिथेच उंबऱ्यावर बसली. सून आत पळाली. आत काही बोलणं झालं, मग नात मागच्या दारानं अंगणात गेली आणि निंबाखाली उभी राहून फोनवर बोलू लागली. बराच वेळ बोलत होती. मधात मधात थांबत नव्हती, म्हणजे पलीकडचा थांबला असणार.

जेवताना म्हातारीनं विषय काढलाच. "आता दिवा लागला. आता तरी म्हना, वाळूक कडू होतं."

"काढा होता."

"फोनवर तं होतं म्हनले."

"फोनवर म्हनाच लागते."

"अन पोट काऊन दुखलं मंग?"

"काढ्यानं."

सून वाढत होती. तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली. नात हसली. दिवसभरात पहिल्यांदा हसली, म्हणून मी ते चालू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं पेला पुढे केला. मी घेतला नाही. साध्या पाण्यानं खळखळून तोंड धुतलं आणि तसाच शेतात गेलो. पहिल्या वेलाचं वाळूक तोडलं, देठाकडची चकती चाखली. गोड होतं. दुसऱ्या वेलाचं चाखलं. तेही गोड, वासही चांगला. मग विहिरीजवळच्या वेलाकडे गेलो, त्याचं लहान पाहून तोडलं आणि चाखलं. थुंकलो. दुसरं चाखलं. तेही थुंकलो. वेल मुळासकट उपटला आणि वाळकांसकट धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे टाकला. पहिल्या वेलावरची दोन मोठी वाळकं हेरून त्यांना बियासाठी पिवळा दोरा बांधला, एक आपल्याला, एक व्याह्याला.

घरी आलो. सुनेला म्हटलं, "काढा दे."

"थंडा झाला मामाजी."

"तसाच दे," मी म्हणालो.